घड्याळाची पाठ

एखादें जुनें घड्याळ कोणी आपल्यापुढें ठेवलें, तर आपण प्रथम त्याच्या तोंडाकडे पाहतों. तबकडी कशी आहे, कांटे कसे आहेत, नांव कोणाचें आहे, एवढें पाहिलें कीं आपलें समाधान होतें. गेल्या वर्षीं मीं एक वृद्ध कारागीर असा पाहिला, कीं त्यानें पुढ्यांत आलेलें घड्याळ आधीं पाठमोरें केलें. तोंडाकडे त्यानें ढुंकूनहि पाहिलें नाहीं. मागचें कांचेचें दार उघडून, डोळ्याला भिंग लावून, तो पांचसात मिनिटें त्या पाठीकडेच पाहत बसला. आज आपणांशीं जें बोलावयाचें आहे तें त्या पाठीविषयीं आणि तिच्या आड जें दडलेलें होतें त्याविषयीं.

माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून एक इंग्रजी घड्याळ आहे. दीड फूट उंचीची काळी लांकडी पेटी, माथ्यावर उचलण्यासाठीं पितळेची मूठ, पुढें आणि मागें कांचेचीं दारें, पितळी तबकडी, आणि तिच्यावर अर्ध्यामुर्ध्या पुसलेल्या नांवाखालीं ‘लंडन’ हा शब्द. बारा वर्षें तें बंद होतें. दुरुस्तीस नेलें तेव्हां एका दुकानदारानें सल्ला दिला, ‘आंतलें सारें काढून टाका. सेलवर चालणारें यंत्र बसवून देतों. चावी देण्याची कटकट नको, वेळहि चुकावयाची नाहीं.’ स्नेह्यांना निर्णय करवेना. ते मला म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही काय म्हणतां?’ मी पडलों जन्मभर मुलांना वेळेवर येण्याचा उपदेश केलेला मनुष्य. जें बरोबर वेळ दाखवील तेंच घड्याळ, ही माझी सोपी व्याख्या. मींहि सांगून टाकलें, ‘बसवून घ्या.’ तो सल्ला किती उतावळेपणाचा होता हें मला मागाहून कळलें.

या जातीच्या घड्याळाला इंग्रजींत ‘ब्रॅकेट क्लॉक’ म्हणतात. ब्रॅकेट म्हणजे भिंतींत बसविलेली आधाराची लहान फळी. परंतु हें नांव फारसें यथार्थ नाहीं. यांतलीं बहुतेक घड्याळें फळीवर नव्हे, टेबलावर ठेवीत. आणि ज्या काळीं तीं प्रथम घडलीं त्या काळचे लोक त्यांना ‘स्प्रिंगचें घड्याळ’ म्हणत. तेंच त्यांचें खरें वर्णन होय. वजनाच्या ओढीनें चालणाऱ्या घड्याळाला खालीं उतरणाऱ्या वजनांसाठीं जागा लागते. तें एकदां उभें केलें कीं तेथून हलावयाचें नाहीं. स्प्रिंगचें घड्याळ मुठीला धरून दिवाणखान्यांतून निजावयाच्या खोलींत नेतां येतें. माथ्यावरची ती मूठ शोभेची नव्हती. घरांत एकच चांगलें घड्याळ असे, आणि माणसें जेथें जात तेथें तें नेत.

या घड्याळांची कथा सतराव्या शतकांत सुरू होते. १६५६ च्या अखेरीस हॉलंडमधील शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यानें घड्याळाला लंबक जोडला. त्यापूर्वीचीं घड्याळें दिवसाकाठीं पाव तास मागेंपुढें होत. लंबकानें ती चूक मिनिटाच्या आंत आणली. पुढल्याच वर्षीं हेग शहरीं सालोमन कोस्टर हा घड्याळजी तशीं घड्याळें करूं लागला. लंडनमधल्या फ्रोमंटील नांवाच्या घड्याळजी घराण्यांतला योहान्नेस हा तरुण त्याच्याकडे जाऊन काम करून आला, आणि १६५८ सालीं त्याच्या वडिलांनीं, अहासुएरस फ्रोमंटील यांनीं, लंडनच्या वृत्तपत्रांत लंबकाच्या घड्याळांची जाहिरात दिली. हायगेन्सच्या कल्पनेला तेव्हां दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

आतां लंबक नुसता हलून चालत नाहीं. त्याच्या प्रत्येक हेलकाव्यागणिक चाकाचा एकेक दांत सोडणारी आणि जातां जातां लंबकाला हळूच धक्का देणारी कांहीं योजना लागते. पहिली योजना ‘व्हर्ज’ नांवाची. मुकुटासारख्या उभ्या दांत्यांचें एक चाक, आणि त्यावर आडवी पोलादी दांडी. दांडीला दोन पाकळ्या. एक पाकळी दांत अडविते तेव्हां दुसरी सोडते. १६७० च्या सुमारास नांगराच्या आकाराची ‘अँकर’ ही दुसरी योजना इंग्लंडांत निघाली. तिच्यामुळें सुमारें एकोणचाळीस इंच लांबीचा, बरोबर एका सेकंदास एक झोका घेणारा लंबक वापरतां येऊं लागला, आणि माणसाएवढ्या उंच घड्याळांनीं तो तात्काळ घेतला. वेळ अधिक नेमकी झाली.

मग टेबलावरच्या घड्याळांनीं काय केलें? त्यांनीं जुना व्हर्ज आणि त्याचा वीतभर लंबक पुढें शंभराहून अधिक वर्षें सोडला नाहीं. वरवर पाहतां हा हट्ट वाटेल; पण त्यांत मोठा विचार होता. नांगराचें घड्याळ अगदीं सपाट जागीं, नीट तोलून ठेवावें लागतें. जरा कललें कीं लंगडूं लागतें आणि थांबतें. व्हर्जचें घड्याळ उचला, दुसऱ्या खोलींत न्या, किंचित् वांकड्या टेबलावर ठेवा, तें चालत राहतें. रोज उचलल्या जाणाऱ्या घड्याळानें चार मिनिटें चुकलेलीं चालतील, थांबलेलें चालणार नाहीं, हें त्या कारागिरांनीं ओळखलें होतें. आपली वस्तु मालकाच्या घरांत कशी वागविली जाईल याचा विचार करून त्यांनीं ती घडविली.

त्या यंत्राचा खरा प्राण मात्र निराळ्याच ठिकाणीं आहे. स्प्रिंग गुंडाळलेली असते तेव्हां जोरानें ओढते. सुटत जाते तसतसा तिचा जोर ओसरतो. असें असतां आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आणि शेवटच्या दिवशीं चाकांवर सारखीच ओढ कशी राहावी? त्यासाठीं ‘फ्यूजी’ नांवाची युक्ति आहे. मी ती वर्गांत दाराचें उदाहरण देऊन सांगितली असती. बिजागरीजवळ हात लावून दार ढकललें तर जोर फार लागतो. कडेला हात लावला तर लहान मूलहि ढकलूं शकतें. आतां एक पितळी शंकु कल्पा. त्याच्या अंगावर खालून वर मळसूत्रासारखी खांच कोरलेली आहे, आणि त्या खांचेंत बसणारी दोरी स्प्रिंगच्या डब्याकडून येते. स्प्रिंग भरलेली असते तेव्हां दोरी शंकूच्या निमुळत्या टोंकाला ओढते, म्हणजे बिजागरीजवळ ढकलते. स्प्रिंग थकत जाते तशी दोरी रुंद बाजूकडे सरकते, म्हणजे दाराच्या कडेला येते. बळ घटतें तसा हात वाढतो, आणि चाकांना दोहोंतला फरक जाणवत नाहीं. यांत ग्यानबाची मेख अशी, कीं कोणतीहि दोन स्प्रिंगा सारख्या नसतात. म्हणून जी स्प्रिंग तिलाच जुळेल असा शंकु कापावा लागे. पुन्हां पुन्हां ताणून, तोलून, खांच थोडी थोडी कमी करून ही जोडी जमवीत.

ती दोरी प्रथम तांतीची असे. आपल्या सारंगीला लावतात तशीच, आंतड्याची. मागाहून बारीक पोलादी सांखळी आली. सायकलच्या सांखळीचें अगदीं लहान रूप डोळ्यांपुढें आणा. खिशांतल्या घड्याळांत ती जाड धाग्याएवढी होई. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गांवीं १७९० च्या सुमारास या सांखळ्यांचा धंदा वसला, आणि तो मुख्यतः बायका व लहान मुली करीत. केसासारखे खिळे, तिळाएवढ्या कड्या, आणि दिवसभर भिंगाखालीं तेंच काम. त्यांच्या डोळ्यांचें काय होत असेल तें सांगावयास नको. लंडनच्या तबकडीवर त्यांच्यापैकीं एकीचेंहि नांव नाहीं.

स्प्रिंगची गोष्टहि अशीच. डॉनकॅस्टर गांवीं बेंजामिन हंट्समन नांवाचा एक घड्याळजी होता. बाजारांत मिळणारें पोलाद एका जागीं कठीण तर दुसऱ्या जागीं मऊ. त्याच्या स्प्रिंगा मनासारख्या होत ना. हा मनुष्य पोलादच निराळें करूं म्हणून शेफील्डजवळ जाऊन राहिला, आणि १७४० च्या सुमारास मातीच्या बंद मुशींत पोलाद पुरतें वितळवून त्यानें एकजीव केलें. मुशींतल्या पोलादाची विद्या आपल्या दक्षिण भारतांत कितीतरी शतकें आधींपासून होती. हंट्समनला ती स्वतःच्या वाटेनें गांठावी लागली. शेफील्डच्या चाकूवाल्यांनीं तें पोलाद फार कठीण म्हणून आरंभीं नाकारलें, पण पुढें शेफील्डची कीर्ति त्यावरच उभी राहिली. एका घड्याळाची स्प्रिंग चांगली व्हावी एवढ्याचसाठीं आरंभिलेला हा खटाटोप होता!

पेटीकडे वळूं. आबनूस हें लांकूड समुद्रापलीकडून येई व फार महाग पडे. म्हणून ओकच्या सांगाड्यावर आबनुसाचा पातळ पापुद्रा चिकटवीत. तेंहि न परवडे त्याच्यासाठीं नासपतीच्या लांकडाला काळा रंग देऊन हुबेहूब आबनूस करीत. तबकडीचें पितळ ओतारी ओती; तिच्यावरच्या आंकड्यांच्या कड्याला चांदीचें मीठ चोळून रुपेरी झांक आणीत. कांटे पोलादी. तें पोलाद तापवूं लागलें कीं प्रथम गवतासारखें पिवळें, मग तपकिरी, मग जांभळें आणि मग गर्द निळें होतें. निळें होतांच विस्तवावरून काढावें. क्षणाचा उशीर झाला तर रंग उतरून करडें पडतें आणि मेहनत वायां जाते. तबकडीच्या कोपऱ्यांतल्या ओतीव नक्षीवर सोन्याचा मुलामा असे. पाऱ्यांत सोनें कालवून तें फासीत आणि तापवून पारा उडवून देत. ती वाफ विषारी. त्या मुलाम्याची झळाळी आज तीनशें वर्षांनींहि टिकली आहे. मुलामा देणारे मात्र तिच्यापायीं झिजले.

आणि पाठ! चांगल्या घड्याळाची मागची पितळी पाटी सबंध कोरलेली असते. वेलबुट्टी, ट्यूलिपचीं फुलें, वळणावळणांचीं पानें, आणि मध्यभागीं घड्याळजीचें नांव. ही पाठ अगदींच कोणी पाहणार नव्हतें असें नाहीं. म्हणून तर मागें कांचेचें दार. मालक पाहुण्यांना घड्याळ फिरवून दाखवी. परंतु हें कोरीव काम करणारा निराळाच कारागीर असे, आणि दुसऱ्याचें नांव सुंदर अक्षरांत कोरून तो बाजूस होई. स्वतःचें नांव त्यानें क्वचितच लिहून ठेवलें.

या पेटींतली एक सोय मला फार हृद्य वाटते. १६७६ सालीं एडवर्ड बार्लो नांवाच्या धर्मोपदेशकानें टोल्यांची नवी रचना काढली. तिच्यामुळें कुशीची दोरी ओढली कीं घड्याळ गेल्या तासाचे टोले पुन्हां देई. आज आपण बटण दाबतों आणि दिवा लागतो. त्या काळीं घासून पेटणारी कांडीहि नव्हती. ती १८२७ साली आली. मध्यरात्रीं जाग आलेल्या माणसाला वेळ पाहण्यासाठीं गारगोटी झाडून मेणबत्ती लावावी लागे. आजारी माणसाच्या उशाशीं बसलेल्या आईनें अंधारांत ती दोरी ओढावी, आणि तीन टोले ऐकून पहाट अजून किती दूर आहे हें जाणावें!

आतां नांवाविषयीं. लंडनच्या घड्याळजींच्या मंडळाला १६३१ सालीं राजाची सनद मिळाली. शहरांत व भोंवतालच्या दहा मैलांत वाईट काम आढळलें तर तें जप्त करून मोडून टाकण्याचा अधिकार या मंडळाला होता. सात वर्षें उमेदवारी केल्यावांचून सहसा कोणाला स्वतःचें दुकान मांडतां येत नसे. पुढें १६९८ सालीं पार्लमेंटनें कायदा केला, कीं परदेशीं जाणाऱ्या घड्याळावर करणाराचें नांव व गांव असलेंच पाहिजे, आणि यंत्रावांचून रिकामी पेटी किंवा तबकडी बाहेर पाठवूं नये. कारण अशा पेट्यांत हलकें यंत्र घालून तें लंडनचें म्हणून खपवीत. माझ्या स्नेह्यांना दुकानदारानें दिलेला सल्ला आठवा. युक्ति कांहीं नवी नव्हती!

या नांवांतलें सर्वांत मोठें नांव टॉमस टॉम्पियन. बेडफर्डशायर परगण्यांतल्या एका लोहाराचा हा मुलगा. जन्म १६३९ सालचा, मृत्यु १७१३ सालीं. तो आपल्या घड्याळांवर क्रमांक घाली. १६९० च्या सुमारास तिसऱ्या विल्यम राजासाठीं त्यानें केलेलें टेबलावरचें घड्याळ एकदां चावी दिली कीं वर्षभर चालतें, आणि टोलेहि देतें. १९८२ पासून तें ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. टॉम्पियनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें पुरलें, आणि त्याचा शिष्योत्तम जॉर्ज ग्रॅहम १७५१ सालीं वारला तेव्हां त्याला गुरूच्याच थडग्यांत ठेवलें. पण टॉम्पियनच्या दुकानांतूनहि खिशांतलीं सुमारें साडेपांच हजार आणि मोठीं सुमारें साडेसहाशें घड्याळें बाहेर पडलीं. एका माणसाचे हात इतकें काम करूं शकत नाहींत. पुढल्या शतकांत तर क्लार्कनवेल भागांतलें थ्वेट्स घराणें पुष्कळ दुकानांना तयार यंत्रें पुरवी, आणि तबकडीवर त्या त्या दुकानदाराचें नांव पडे.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांतलें संगीत-घड्याळ आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेंहि इंग्रजी ब्रॅकेट क्लॉकच. त्यावर कलकत्त्याच्या कुक आणि केल्व्ही या पेढीचें नांव आहे. तास भरण्याच्या सुमारास एक लहानशी बाहुली बाहेर येते आणि टोले देते. तें पाहण्यासाठीं रोज गर्दी जमते. त्या गर्दींत मीहि उभा राहिलों आहें. बाहुली आंत गेली कीं सारे पांगतात. मीहि पांगलों होतों.

स्नेह्यांच्या घड्याळाकडे परत येऊं. माझा सल्ला ऐकूनहि त्यांचा पाय निघेना, म्हणून शेवटचें एकदां दाखवूं म्हणून आम्ही त्या वृद्ध कारागिराकडे गेलों. पाठ पाहून झाल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, या पाटीवर दोन रिकामीं भोकें आहेत. येथें व्हर्ज होता. कोणीतरी शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं तो काढून अँकर बसविला आहे.’ त्यानें यंत्र उकललें. एक स्प्रिंग तुटली होती, दोन छिद्रें झिजलीं होतीं. बाकी सारें ठीक. मग त्यानें पाटीची आंतली बाजू आम्हांला दाखविली. भिंगांतून पाहतां तेथें सुईनें ओरखडून लिहिलेलीं अक्षरें दिसलीं. कोठें दोन आद्याक्षरें, कोठें साल. एक १८०४, एक १८३७, एक नुसताच महिना. ‘ज्यानें ज्यानें हें दुरुस्त केलें त्यानें त्यानें हें लिहून ठेवलें,’ तो म्हणाला. ‘मालकासाठीं नाहीं. यानंतर जो उघडील त्याच्यासाठीं.’

मी घड्याळाचें तोंड वाचीत होतों, तेथें एकच नांव होतें. आंत माणसांची एक रांग उभी होती, आणि मीं ती सारी मोडींत काढण्याचा सल्ला देऊन बसलों होतों.

स्नेह्यांनीं विचारलें, ‘मग आतां पुन्हां मूळचा व्हर्ज बसवावयाचा कां?’ हा प्रश्न सोपा नव्हता. मुळाबरहुकूम करावें असें म्हणणारे जाणकार आहेत, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘ज्यानें तो बदलला त्यानेंहि आपल्या परीनें घड्याळ चालतेंच ठेवलें. त्याचें काम चांगलें आहे. मी तें मोडणार नाहीं.’ त्यानें नवी स्प्रिंग घातली, ती त्या जुन्या शंकूशीं जुळवून घेण्यांत पंधरा दिवस घालविले, आणि तीन महिन्यांनीं घड्याळ परत दिलें. पाटीवर त्यानें स्वतःचें नांव कोरलें नाहीं. काय दुरुस्त केलें, काय नवें घातलें हें कागदाच्या एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या तळाशीं ठेवली. ‘पितळेवर आतां ओरखडा नको,’ एवढेंच बोलला.

श्रोतेहो, तें घड्याळ आज आठवड्याला तीन-चार मिनिटें चुकतें. सेलवरचें यंत्र त्याहून पुष्कळ नेमकें चाललें असतें, हें मी नाकबूल करीत नाहीं. नेमकी वेळ हवी तर ती आतां सर्वांच्या खिशांत आहे. परंतु लोहाराच्या, ओताऱ्याच्या, सुताराच्या, सांखळी ओवणाऱ्या मुलींच्या हातांनीं जें एकत्र आलें, आणि तितक्याच अनाम हातांनीं दोनअडीचशें वर्षें जें चालतें ठेवलें, तें काढून टाकल्यावर काळी पेटी तेवढी उरली असती. आपल्याहि घरीं एखादें जुनें घड्याळ, शिवणाचें यंत्र, पेटी किंवा तंबोरा बंद पडून राहिला असेल. तो टाकण्यापूर्वीं, किंवा त्याचें आंतडें बदलण्यापूर्वीं, एकदां उलटा करून पाहा. तेथें कोणीतरी आपणांसाठीं कांहीं लिहून ठेवलेलें असण्याचा संभव आहे.

दर रविवारीं सकाळीं स्नेह्यांची नात आतां त्या घड्याळाला चावी देते. चौदा वळसे, मोजून. परवां मी तेथें होतों. चावी देऊन झाल्यावर तिनें घड्याळ अलगद फिरविलें, पाठीवरचीं फुलें एकदां पाहिलीं, आणि पुन्हां सरळ ठेवलें. तेवढ्यांत नऊ वाजले.